राजापूर मतदारसंघ, मुक्काम डोंबिवली

गेल्या गणपतीत गावी होतो तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून सगळे पडवीत लवंडले होते. माझ्या भाच्याला शाळेतून कसलासा प्रकल्प दिलेला, त्याने वही काढून बाबांना विचारलं, "आजोबा, आपला खासदार कोण?"

बाबा पटकन म्हणाले, "दंडवते."

मग स्वतःच हसायला लागले. मधु दंडवते जाऊन वीस वर्षं होत आली, आणि ज्या मतदारसंघाचे ते खासदार होते तो राजापूर लोकसभा मतदारसंघही आता शिल्लक नाही. भाचा बिचारा पेन्सिल धरून बसलेला. बाबांनी सुधारून विचारलं, "कुठला सांगू? इथला की डोंबिवलीचा?" ह्यावर आमच्यात जी वादावादी झाली ती संध्याकाळच्या आरतीपर्यंत पुरली. वहीत शेवटी काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही, पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला. पुण्याला परत आल्यावर थोडं वाचलं, थोडं बाबांना फोन करून विचारलं, आणि ही आमच्या हरवलेल्या मतदारसंघाची गोष्ट जुळवली. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीच्या अलीकडे. आईचं माहेर खाडीच्या पलीकडे, देवगड तालुक्यात. तिच्या लहानपणी तरीने ये-जा चाले. दोन्ही गावं तेव्हा एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होती. तो जिल्हा केवढा? वर सावित्री नदी आणि बाणकोटच्या खाडीपासून खाली थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत. त्यात सावंतवाडी संस्थानही १९४८ साली सामील झालं होतं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत एवढ्या लांब पट्ट्याचे दोन तुकडे केलेले होते, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. राज्य अर्थातच मुंबई. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले निवडून आले, दक्षिणेतून मोरेश्वर जोशी. दोघेही काँग्रेसचे.

'राजापूर' हे नाव आलं १९५७ च्या निवडणुकीत. राजापूर म्हणजे एके काळचं मोठं बंदर. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती तिथे, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे आपण शाळेत शिकलोच. पुढे खाडी गाळाने भरली, बंदर गेलं, आणि राजापूर राहिलं ते गंगेसाठी आणि पावसाळ्यात बाजारपेठेत शिरणाऱ्या पाण्यासाठी. पण दिल्लीत मात्र हे नाव चांगलं पन्नास वर्षं गाजलं. १९५७ ते २००४, तेरा निवडणुका. आणि तेरा निवडणुकांत खासदार किती? फक्त चार! बॅरिस्टर नाथ पै तीनदा, मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. आमच्याकडे माणूस एकदा आपला मानला की सहजी बदलत नाहीत, हा त्याचा पुरावा. (किंवा कोकणी माणसाच्या हट्टाचा. बाबांकडे बघून मला दुसरंच खरं वाटतं.)

नाथ पै वेंगुर्ल्यात जन्मलेले, म्हणजे घरचेच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या लाटेत १९५७ ला प्रजा समाजवादी पक्षाकडून निवडून आले. आमच्या आजोबांना त्यांचं संसदेतलं इंग्रजी काही कळलं असणं शक्य नाही, पण "आमचा बॅरिस्टर बोलायला उभा राह्यला की नेहरूपण ऐकतात" हे ते इतक्या खात्रीने सांगत की जणू स्वतः गॅलरीत बसून आलेत. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल आला. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. संसदेचा हा अधिकार परत मिळावा म्हणून खासगी विधेयक आणलं ते ह्याच राजापूरच्या खासदाराने. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात ते गेले. वय फक्त ४८. लोकसभा आधीच बरखास्त झालेली होती आणि दोन महिन्यांवर निवडणूक आलेली. देवगडची आजी, जिने आयुष्यात राजकारणावर कधी बोललेलं मी ऐकलं नाही, तीसुद्धा पुढे कित्येक वर्षं कुणाच्या अकाली जाण्याचा विषय निघाला की म्हणायची, "आमचो नाथ गेलो तसा."

त्यांच्या जागी आले दंडवते. गाव नगर, धंदा मुंबईत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याचा. तरी कोकणाने त्यांना आपलं म्हटलं. १९७१ ला निवडून आले, आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते, १९७७ ला परत निवडून आले आणि रेल्वेमंत्रीच झाले. ज्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळसुद्धा नव्हता, तिथला खासदार रेल्वेमंत्री! दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम आला तो त्यांच्यामुळे. बाबा म्हणतात, "फोम साऱ्या देशाला मिळाला, आम्ही मात्र एस्टीच्या बाकावर." पण आपटा-रोहा मार्गाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं. पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ निघालं, आणि २६ जानेवारी १९९८ ला गाडी पूर्ण मार्गावर धावू लागली. तोवर दंडवते १९९१ ची निवडणूक हरून सात वर्षं झाली होती.

आता जरा रेषांकडे वळू.

मतदारसंघाची हद्द ही आपल्याला देवाने आखल्यासारखी वाटते, पण ती दर काही वर्षांनी नव्याने आखायची असते. जनगणना झाली की परिसीमन आयोग बसतो आणि प्रत्येक खासदाराच्या वाट्याला साधारण सारखी डोकी येतील असं बघतो. १९५२, १९६२ आणि १९७२ च्या कायद्यांनी असे आयोग नेमले गेले. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख. जागा ४८. म्हणजे एका खासदारामागे साडेदहा लाख. आणि आमच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात माणसं होती वीस लाखांना थोडी कमी. बरोबर दोन खासदारांपुरती. रत्नागिरी आणि राजापूर. हिशेब चोख होता.

तेव्हाची यादी आता बघितली तर मजा वाटते. महाराष्ट्राच्या ४८ मतदारसंघांत क्रमांक १ राजापूर, आणि विधानसभेच्या २८८ मध्ये क्रमांक १ सावंतवाडी. राज्य मोजायला सुरुवात व्हायची ती आमच्यापासून.

१९७६ मध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि सगळ्या रेषा गोठल्या. कारण असं की, ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचे खासदार कमी व्हावेत आणि ज्यांनी नाही घेतलं त्यांचे वाढावेत, हे बरं नव्हे. म्हणून २००१ च्या जनगणनेपर्यंत कुणी काही हलवायचं नाही. कागदावरची रेषा अशी पंचवीस-तीस वर्षं थांबली. माणसं मात्र थांबली नाहीत.

मधल्या काळात एक रेषा बदलली, पण ती जिल्ह्याची. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. आमची खाडी जिल्ह्याची हद्द झाली. बाबा रत्नागिरीचे राहिले, आईचं माहेर सिंधुदुर्गात गेलं. आजोबा म्हणे आईला म्हणाले होते, "तू आता परजिल्ह्यातली सून." पण खासदार दोघांचा एकच. सबंध सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचं दक्षिण टोक मिळून राजापूर मतदारसंघ होता, आणि त्याची हद्द खाडी ओलांडून पलीकडे जात होती. जिल्हा तुटला तरी मतदारसंघाने दोन्ही काठ धरून ठेवले. शेजारी तर त्याहून गंमत. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, पण लोकसभेच्या यादीत तो २००४ च्या निवडणुकीपर्यंत 'कुलाबा'च होता. गोठलेल्या रेषांबरोबर नावंही गोठली होती.

बाबा १९६८ साली मुंबईत आले. आधी लालबागला एका खोलीत गावची अकरा माणसं, मग कांजूरला पोटभाडेकरू, आणि शेवटी डोंबिवलीला स्वतःची दीड खोली. ही काही फक्त आमची कथा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ मध्ये हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या. मुली जास्त जन्मत होत्या म्हणून नव्हे, पुरुष गावात नव्हते म्हणून. मनीऑर्डरवर चालणारा मुलूख. गिरण्या होत्या तोवर गिरणगाव, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तेव्हा माणसं गावी परतली नाहीत. ती डोंबिवली, कल्याण, दिवा, नालासोपारा, विरारकडे सरकली.

पण मत? बाबांचं मत गावी. डोंबिवलीत वीस-पंचवीस वर्षं काढली तरी मतदार यादीत नाव गावच्या शाळेतल्या केंद्रावर. आई ओरडायची, इथे नाव घाला, नळाला पाणी येत नाही, नगरसेवकाला सांगायला तरी तोंड राहील. बाबा ऐकायचे नाहीत. निवडणूक लागली की रात्रीची एस्टी, दिवसभर गाव, आंब्याचे दिवस असले तर येताना पेटी, आणि दुसऱ्या रात्री परत. १९७७ ला ते असेच गेले होते आणि परत आल्यावर हापिसात बिनपगारी रजा लागली, हे सांगताना त्यांना अजून अभिमान वाटतो.

खरं तर कायदा त्यांच्या बाजूचा नव्हता. आत्ता वाचताना कळलं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सरळ लिहिलंय की एखाद्या मतदारसंघात तुमच्या मालकीचं घर आहे, एवढ्या कारणावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. मी हे फोनवर वाचून दाखवलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कायदा करणाऱ्याचं गावाला घर नसेल."

आता फेब्रुवारी २००१. हा प्रसंग मला स्वतःला आठवतो, कारण दार मीच उघडलं होतं. जनगणनेला एक शिक्षिका आल्या होत्या, उन्हाने दमलेल्या. आईने पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी मोठा कागद पसरला आणि एकेक रकाना भरायला घेतला. घरात राहणारी माणसं पाच. कुटुंबप्रमुखाचं जन्मठिकाण, राजापूर तालुका, जिल्हा रत्नागिरी. इथे किती वर्षं. गाव सोडण्याचं कारण. बाबा म्हणाले, "काय सांगू आता." बाईंनी स्वतःच लिहिलं, नोकरी.

त्याच महिन्यात गावच्या घरीही कुणीतरी गुरुजी गेले असणार. तिथे मोठी काकू एकटी. ज्या घरात एके काळी चौदा पानं बसत, तिथे कागदावर आकडा आला १.

त्या वेळी आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही की हे दोन कागद एकमेकांशी बोलणार आहेत.

२००१ मध्येच चौऱ्याऐंशीवी घटनादुरुस्ती झाली. तिने राज्याराज्यांतल्या जागांचे आकडे पुन्हा गोठवले, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. महाराष्ट्राचे ४८ ते ४८. पण राज्याच्या आत रेषा नव्याने आखायला परवानगी दिली. निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. आधी १९९१ ची लोकसंख्या धरायची होती. २००३ मध्ये आणखी एक दुरुस्ती होऊन २००१ ची धरायचं ठरलं. म्हणजे आमच्या चहा प्यायलेल्या बाईंचे आकडे.

त्या आकड्यांत महाराष्ट्र ९ कोटी ६८ लाखांवर पोचला होता. १९७१ च्या जवळजवळ दुप्पट. एका खासदारामागे आता वीस लाख. रत्नागिरी १६,९६,७७७ आणि सिंधुदुर्ग ८,६८,८२५, मिळून साडेपंचवीस लाख. तीस वर्षांत राज्य दुप्पट होत आलं आणि आम्ही जेमतेम सव्वापट. दोन खासदारांना चाळीस लाख माणसं हवीत, आमच्याकडे सव्वा खासदाराइतकीच.

आणि ठाणे जिल्हा? ८१ लाख. त्याच्याकडे तोवर ठाणे आणि डहाणू असे दोनच मतदारसंघ, थोडा भाग मुंबई उत्तरमध्ये. नव्या आखणीत त्याला चार मिळाले: पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे. ८१ भागिले ४, वीस लाख. हिशेब पुन्हा चोख.

१९७६ मध्ये रेषा गोठवल्या त्या कमी वाढणाऱ्या राज्यांना जास्त वाढणाऱ्या राज्यांपासून वाचवायला. पण राज्याच्या आत, कमी वाढणाऱ्या कोकणाला ठाण्यापासून वाचवायची तजवीज कुणी केली नव्हती. करणार तरी कशी? दोन्हीकडे माणसं तीच होती.

फेब्रुवारी २००८ मध्ये नवी आखणी लागू झाली. वर्तमानपत्रात नकाशा आला तो बाबांनी टेबलावर पसरला आणि चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मुंबईच्या खाली कोकणात तीन मतदारसंघ होते, कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर. तिन्ही नावं गेली. आमच्या दोन जिल्ह्यांत मिळून आता एकच, रत्नागिरी-सिंधुदुर्ग. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ. दापोली आणि गुहागर सावित्रीपलीकडच्या रायगडला जोडले. रायगडातले पनवेल, उरण आणि कर्जत घाट चढवून पिंपरी-चिंचवडबरोबर मावळात नेले. विधानसभेतही सिंधुदुर्गाच्या चार जागांच्या तीन झाल्या. वेंगुर्ले, मालवण, देवगड ही नावं यादीतून उतरली, कणकवली आणि कुडाळ आली. आणि क्रमांक? ह्या वेळी मोजायला सुरुवात झाली नंदुरबारपासून. एके काळचे आम्ही नंबर एक, आता नंबर ४६. सावंतवाडी १ वरून २७०. राजापूर हे नाव उरलं ते विधानसभेपुरतं, क्रमांक २६७.

बाबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे आपणच नेला की आपला खासदार डोंबिवलीला."

तेव्हा आम्ही हसलो होतो. आता हे सगळे आकडे मांडल्यावर वाटतं, ह्यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं नसेल. बाबा मत राजापूरला देत होते पण मोजले जात होते डोंबिवलीत. मतदार यादी त्यांनी हट्टाने धरून ठेवली, पण रेषा ओढणाऱ्यांनी त्या यादीकडे बघितलंच नाही. त्यांनी बघितला तो आईने चहा दिलेल्या बाईंचा कागद. दर निवडणुकीला एस्टीने जाऊन जो मतदारसंघ बाबा राखत होते, तो पाच माणसांच्या त्या एका कागदाने, आणि तशाच लाखो कागदांनी, घालवला.

गणपतीतल्या वादात माझा भाऊ नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूला होता. त्याचं म्हणणं, ह्यात रडण्यासारखं काय आहे? एका खासदारामागे आमच्याकडे तेरा लाख माणसं आणि ठाण्याकडे चाळीस लाख, हा कुठला न्याय? डोंबिवलीतल्या लोकलला लटकणाऱ्या माणसाचं मत गावातल्या मताच्या एक तृतीयांश किमतीचं का असावं? इंग्लंडात रेषा हलवल्याच नाहीत त्याचं काय झालं, म्हणे. ओल्ड सॅरम नावाचं गाव जवळजवळ ओस पडलं तरी १८३२ पर्यंत दोन खासदार पाठवत होतं, आणि मँचेस्टरसारख्या शहराला एकही नव्हता. तसं हवं आहे का तुला?

नकोय. त्याचं बरोबर आहे आणि मी ते कबूल केलं. पण डोकी मोजून झाल्यावरही काही गोष्टी मोजायच्या राहतात. परशुराम घाटापासून बांद्यापर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा मुलूख आता एका खासदाराकडे. मधल्या खाड्या, साकव, पावसात तुटणारे रस्ते हे वीस लाखांच्या भागाकारात येत नाहीत. आणि नाव जातं त्याचंही काहीतरी जातंच. नाथ पै आणि दंडवते ह्यांच्या नावामागे 'राजापूर' लागायचं. आता ते फक्त जुन्या लोकसभेच्या कागदांत सापडेल. तेराव्या आणि शेवटच्या निवडणुकीतले खासदार सुरेश प्रभू २००९ ला नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून उभे राहिले आणि नीलेश राणे ह्यांच्याकडून हरले. दंडवत्यांना हे सगळं बघावं लागलं नाही. ते नोव्हेंबर २००५ मध्ये गेले.

माझं म्हणाल तर लग्न होऊन मी चिंचवडला आले. वाटलं होतं, आता कोकणाशी मतदानापुरता संबंध संपला. तर २००९ ला माझ्या मतदारसंघात पनवेल, उरण आणि कर्जत! कोकण माझ्या मागोमाग बोरघाट चढून आलं. भाऊ म्हणतो, तुम्हा लोकांपासून सुटका नाही.

बाबांनी २००९ च्या आधी अखेर डोंबिवलीत नाव घातलं. आईने फॉर्म आणला, त्यांनी मुकाट्याने सही केली. "राजापूरच राहिलं नाही तर जाऊ कशाला?" एवढंच म्हणाले. कल्याण मतदारसंघात पहिल्यांदा मत देऊन आले तेव्हा घरापासून केंद्र सात मिनिटांवर. एवढ्या लवकर परत आले म्हणून आईने विचारलं, "विसरलात का काही?"

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली दिसली. मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी १६,१५,०६९, सिंधुदुर्ग ८,४९,६५१. आणि ठाणे एक कोटी दहा लाखांवर, देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा. २०२१ ची जनगणना लांबली आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरली. रेषा पुन्हा कधी आखल्या जातील तेव्हा जातील, पण आमच्याकडचा आकडा कुठल्या दिशेला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. मोठी काकू गेल्यावर आमच्या घराला कुलूप आहे. कुठल्याही गुरुजींनी दार वाजवलं तरी तिथे आता शून्य.

पडवीत वाद रंगला तेव्हा धाकट्या काकांनी तोडगा काढला. म्हणाले, जनगणना फेब्रुवारीत करतात हीच चूक आहे. गणपतीत करा. पाच दिवसांत कोकणाचे चार खासदार होतात की नाही बघा! सगळे खूप हसले. रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली, प्रत्येक घरात दिवे, चुलीवर दोन-दोन पातेली. त्या संध्याकाळी खरंच वाटलं असतं की गाव भरलेलं आहे.

परवा हे सगळं लिहून झाल्यावर बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या कागदावर अजून जन्मठिकाण विचारतात का?"

म्हटलं, विचारतात. पण त्या रकान्यावरून खासदार ठरत नाही.

"नसू दे ठरत," ते म्हणाले. "लिहून घेतात ना? पुरे."

असो. घरच्या मंडळींपैकी कुणाकडे नाथ पैंच्या प्रचाराच्या वेळच्या आठवणी असतील, किंवा कुणाच्या पेटीत 'राजापूर' छापलेली मतदानाची जुनी चिठ्ठी सापडली, तर टाकून देऊ नका. मला कळवा. भाच्याची वही अजून पूर्ण व्हायची आहे.